सूनबाईंच्या गालावरचे वांग

सून न्हाणीघरात कडी लावून बसली की सासूबाईंच्या कपाळाला आठी पडायची. अंघोळ सकाळीच झालेली. मग भर दुपारी, काउंटरवर गिऱ्हाईक ताटकळत असताना, आत काय चाललंय? ना नळाचा आवाज, ना बादलीचा. नुसता दाराच्या फटीतून नाकाला झोंबणारा आंबूस वास.

पुढे लाँड्री, मागे घर, मधे एक पडदा. उभा जन्म परक्यांच्या कपड्यांत गेलेला, त्यामुळे सासूबाईंना सदरा हुंगून माणसाची लक्षणं कळत. हा वास मात्र कुठल्याच खात्यात बसेना.

"काय गं, आत काय उकळतेस?"

"काही नाही हो आई."

"काही नसतं त्याला वास नसतो."

सून बाहेर आली ती तोंडाला स्कार्फ गुंडाळून. घरातल्या घरात स्कार्फ! सासूबाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. नवरा दिवसभर कपडे पोचवायला गाडीवर, आणि ही दार लावून नटते. कोणासाठी? पोरगी इस्त्रीला अशी हुशार की रेशमाला हात लावायची हिंमत घरात तिच्याशिवाय कोणाची नाही. तोंडावर कधी कौतुक केलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. पण ही हातची गेली तर दुकान बसेल आणि घरही, एवढं सासूबाई पक्कं जाणून होत्या.

त्या दिवसापासून त्यांनी पाळतच ठेवली. फोन वाजला की कान टवकारायच्या. शेजारची पार्लरवाली पडद्याआडून काही देऊन गेली तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. ही बया मधली दूती!

आणि एका दुपारी आतून किंकाळी आली, "आई गं!"

सासूबाईंनी खांद्याचा असा धक्का दिला की आतली कडी कोयंड्यासकट निखळली. सून आरशासमोर उभी, दोन्ही गाल लालभडक, हातानं वारा घालत नाचतेय. कोनाड्यात बिनचिठ्ठीची बाटली.

"काय फासलंस हे?"

"पील आहे. वरची कातडी जाते, खाली चांगली येते. पार्लरमध्ये बसून करायचं तर परवडत नाही, म्हणून तिनं मोठ्या कॅनमधून काढून दिलं. जरा वेळच ठेव म्हणाली होती. पण वांग हलेनात, म्हणून ठेवलं सुटेपर्यंत..."

डाग सुटेपर्यंत औषध हलवायचं नाही, घाईनं धुतलं तर डाग मुरतो, हा कपड्यांचा धडा या घरात सासूबाईंनीच तर दिलेला. पोरीनं तो स्वतःच्या गालावर गिरवला होता.

त्या धावत हौदाकडे गेल्या आणि धुण्याच्या सोड्याची मूठ भरून आल्या. आंबट उतरवायला सोडा, दुसरं काय?

सुनेनं मनगट धरलं. "सोडा नको आई! नुसतं गार पाणी!"

"कोण म्हणालं?"

"पार्लरवाली."

"तिचं नाव काढू नकोस माझ्यापुढे!" असं म्हणत सासूबाईंनी सोडा मोरीत झटकला आणि नळ पूर्ण सोडला. सुनेची मान खाली धरून त्या ओंजळीमागून ओंजळ ओतत राहिल्या. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. मारू दे.

आग जरा निवली तेव्हा त्यांनी विचारलंच, "कोणासाठी चालला होता हा उपद्व्याप?"

"त्या पडदे धुवायला टाकतात ना, त्या बाई. भर दुकानात म्हणाल्या, लोकांचे डाग काढता, आधी तोंडावरचे काढा की. सगळे हसले. तेव्हापासून काउंटरवर उभं राहायचं म्हटलं की हात स्कार्फकडे जातो."

"म्हणजे दुसरं कोणी नाही?"

"दुसरं कोण?"

"काही नाही." सासूबाईंनी पदरानं स्वतःचंच तोंड पुसलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असतात, नखरे."

म्हणाल्याच असत्या.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गाल तपासले, उन्हात फिरायचं नाही, खपली खाजवायची नाही अशी तंबी दिली आणि एक ट्यूब दिली. घरी आल्यावर सुनेनं झाकण काढलं तशी सासूबाईंनी ट्यूब हिसकावली. उलटसुलट केली, हुंगली. अक्षरं बारीक, आणि मोठी असती तरी त्यांना वाचता आली नसती.

"थांब."

बोटावर मलम घेऊन त्यांनी ते आपल्याच गालावर चोळलं आणि भिंतीला टेकून ताठ बसल्या.

"आई, तुम्हाला कशाला? मला दिलंय ते."

"गप. माझा गाल शाबूत राहिला तर तुझ्याला लावू."

बाहेरून हाक आली, "कोणी आहे का?" आवाज ओळखीचा, पडद्यांच्या बाईंचा. सून दचकली. सासूबाई उठल्या, गालावर मलमाचा पांढरा पट्टा तसाच ठेवून काउंटरवर गेल्या आणि म्हणाल्या, "बोला बाई. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. पडद्यांचं मग बघू."