चाळीस मिनिटं जागं राहायचं

मित्रांनो, नेरूळच्या एका दवाखान्यातलं मी एक म्हातारं यंत्र. माणसाच्या डोक्याला वायरी चिकटवायच्या आणि त्याच्या मेंदूच्या लहरींच्या रेघा पडद्यावर काढायच्या, हे माझं काम. नवा होतो तेव्हा मला पाहायला डॉक्टर गर्दी करायचे. आता माझ्यावरची धूळ झटकायलाही कुणाला सवड नसते. पण माझं रडगाणं राहू द्या, धर्मराजचं ऐका.

धर्मराज सारसोळ्याचा. तळोज्याच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. लागोपाठच्या डबल ड्यूट्यांनी कामावर त्याला डुलकी लागली आणि तक्रार झाली. अंधूक खोलीत चाळीस मिनिटं स्वस्थ बसून जागं राहून दाखव, तरच बॉयलरवर परत, असं कंपनीच्या डॉक्टरांनी बजावलं. सकाळी अकराला तपासणी करणाऱ्या शर्मिलाताईंनी त्याला वायरी लावल्या.

"डोला लागूच देनार नाय, ताई. मनात बॉयलरवरचा एकेक दाबाचा गेज वाचत बसतो," तो म्हणाला.

पंधरा मिनिटं रेघा बारीक, दाट, जाग्या माणसाच्या होत्या. मग त्या संथ झाल्या. पसरल्या. माझा जीव टांगणीला लागला. अरे बाबा, जागा हो! पण मला कुठलं तोंड? त्याचे डोळे तर अर्धे उघडेच होते.

रेघा पाहून ताईंनी तपासणी थांबवली आणि दिवा लावला.

"मी जागाच व्हतो!" तो ठासून म्हणाला. "मशीन जुनी हाय. वायर सैल व्हती असं लिवा ना, ताई. घरात मी एकलाच कमावता."

ताईंचं पेन थबकलं. मित्रांनो, वायर सैल नव्हती. मला त्याचा राग आला, आणि दयाही.

"शेवटचा गेज कुठला वाचलात?" ताईंनी विचारलं.

"तीन नंबरचा. त्याच्यावर निवट्या चढल्या, त्या हाकलत..."

बोलता बोलता तो पडद्यावरच्या रेघांकडे पाहू लागला. खाडीच्या चिखलातली मासळी बॉयलरवर कशी चढेल? आपण विचारच करतोय असं वाटत असतं, आणि त्या विचारांची भलतीच चित्रं होऊन झोप आत शिरलेली असते.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"जे हाय तेच लिवा, ताई," तो शेवटी म्हणाला. "माजा चुलत भाव कुंदन त्याच बॉयलरच्या शेडमधी असतो."

मित्रांनो, झोप चुकवून फुशारकी मारू नका. डोळे उघडे असले तरी माणूस झोपेत असू शकतो, आणि ते सगळ्यात शेवटी त्यालाच कळतं. पोटभर झोपा, मगच दुसऱ्याचा जीव हातात घ्या.