घोंगडीच्या लोकरीची माशी

मी एक जुना शिकंजा आहे. तळहातावर मावेन एवढाच. कारखान्यांतले माझे थोरले भाऊ लोखंडी पाइप धरतात. मी फक्त मासे पकडायचा गळ धरतो. मी गळ घट्ट धरला की माणूस त्यावर दोरा, लोकर आणि पीस गुंडाळून खोटी माशी बांधतो. पाण्यात ती माशाला खरा किडा वाटते. मित्रांनो, लोखंडाला राग येत नाही असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर ते खोटे आहे.

माझा जन्म नांदेडच्या आयटीआयमधला. तिथे अमृतराव मुलांना लेथ चालवायला शिकवत. त्याआधी ते फौजेत होते, आणि हिमाचलच्या एका थंड नदीवर त्यांनी एका अधिकाऱ्याला अशा माशीने मासे धरताना पाहिले होते. ती हौस त्यांच्या मनातून गेली नाही. भंगारातल्या एका मोडक्या ड्रिलच्या पोलादातून त्यांनी माझा जबडा घडवला, लाल तापवून पाण्यात बुडवला आणि कडक केला, आणि मला पहिल्यांदा टेबलाला लावले तेव्हा माझा स्क्रू दोन बोटांनी फिरवला. दोनच बोटांनी. त्यापेक्षा जास्त जोर मला कधीच लागला नाही.

अमृतरावांकडे माशी बांधायला शिकायला जो येई, त्याला ते एकच माशी शिकवत. त्यांची मुलगी विनीता असो, आयटीआयमधला विद्यार्थी असो, नाहीतर शेजारचे पोस्टमास्तर असोत. जुन्या घोंगडीच्या काठाची काळी लोकर. तिचीच आखूड शेपटी, तिचेच अंग. वरून कोंबड्याच्या मानेचे एक पीस वेटोळे घालून गुंडाळायचे, आणि गाठ. गळ मोठा, म्हणजे नवख्याची बोटे अडखळत नाहीत. लोकर चुका पोटात घालते. पीस उरलेल्या चुका झाकते. सांभाळायचे ते एवढेच, की गळाच्या डोळ्यापाशी, म्हणजे त्याच्या भोकापाशी, थोडी जागा मोकळी ठेवायची, नाहीतर दोरी ओवता येत नाही. कोणी रंगीत माशीचा हट्ट धरला तर अमृतराव म्हणत, "आधी ही बांधा. हरवा. परत बांधा. मग रंगाचं बघू."

त्या माशीने किती मासे काढले हे मला ठाऊक नाही, कारण मी टेबलावरच असे. पण माणसे परत येऊन माझ्या डोक्यावर थोपटत, त्यावरून मला कळे.

पुढे अमृतरावांचे हात कापू लागले. दोरा ताणला की तुटे. एके दिवशी त्यांनी मला फडक्यात गुंडाळून लातूरला विनीताच्या घरी पाठवले. विनीताची मुलगी भार्गवी तेव्हा सातवीत होती. तिने फोनवर विचारले, "आबा, मी शिकू का?" अमृतराव म्हणाले, "शीक की. गळाचा रॉड अजून उचलवतो माझ्यानं, माशी न्हाई बांधून होत. जळकोटच्या तलावाचं पाणी उतरायच्या आत एकदा जाऊ. माशी तुझी, रॉड माझा." हे बोलणे मी ऐकले. आजोबांच्या हातांची अवस्था पाहता पुढच्या वर्षी रॉडही उचलता येईल की नाही, हे भार्गवीलाही कळत होते. तिने शब्द दिला.

आणि इथेच भुजंगरावांनी हात घातला.

भुजंगराव म्हणजे भार्गवीचे वडील. लातुरात त्यांचा क्लास आहे. वाईट माणूस नाही. मुलांवर ओरडत नाहीत, आजारी विद्यार्थ्याच्या घरी जाऊन शिकवतात. पण त्यांचा एक मंत्र आहे आणि तो त्यांच्या क्लासच्या भिंतीवर रंगवलेला आहे: अवघड आधी करा, सोपे आपोआप येते. प्रवेश परीक्षेला तो चालतही असेल. त्यांनी तो माझ्या जबड्यावर चालवला.

त्यांनी इंटरनेटवरून सर्वांत देखणी माशी शोधली. नखाएवढा गळ, दोन जुळे उभे पंख, मोराच्या पिसाचे अंग, सोनेरी तारेचे पट्टे. तिचे मोठे रंगीत चित्र छापून आणले आणि टेबलासमोर चिकटवले. ती माशी कुठल्या तरी बर्फाळ नदीतल्या माशासाठी जन्मलेली. तो मासा आपल्याकडे नाही, ती नदी नाही, आणि ती जिची नक्कल आहे ती खरी माशीही आपल्याकडे नाही. विनीता रसायनशास्त्र शिकवते. तिने हे सारे एका वाक्यात सांगितले, आणि अण्णांनी, म्हणजे अमृतरावांनी, आपल्याला लोकरीची माशी आधी शिकवली होती हेही सांगितले. भुजंगराव हसून म्हणाले, तुझ्या अण्णांचा काळ वेगळा होता, आता स्पर्धा आहे.

कोणाशी स्पर्धा? तलावातल्या चिलापी माशांशी?

विनीता आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासायला बसली. तिचाही मला राग आला.

मग रोज संध्याकाळी तेच. भार्गवी पंख उभे करी, ते कलंडत. दोरा ताणी, तो तुटे. कसेबसे अंग झाले की गळाचा डोळा दोऱ्याने बुजून जाई. भुजंगराव शेजारी बसून प्रेमाने चुका दाखवत आणि चित्राशी ताडून गुण देत. एकदा म्हणाले, "वरदची झाली असती एव्हाना." वरद म्हणजे त्यांच्या क्लासमधला पहिला. त्या मुलाने आयुष्यात गळ पाहिलेला नव्हता. भार्गवीची मान खाली गेली. तिची बोटे थंड पडली. मला बोटे कळतात, मित्रांनो. माझ्याजवळ दुसरे काय असते?

एकदा तो नखाएवढा गळ सारखा निसटू लागला. माझा जबडा मोठ्या गळासाठी घडवलेला. त्याने तरी काय करावे? भुजंगरावांनी पक्कड आणली आणि माझा स्क्रू आवळला. आणखी आवळला. कट्, असा आवाज झाला आणि माझ्या जबड्याचा एक कोपरा उडाला. ते म्हणाले, जुनं आहे, नवीन मागवू. भार्गवी उठली. "मला नाही जमत," एवढेच बोलली आणि आत गेली.

मला दिवाणाखालच्या खोक्यात टाकले. सायकलचा पंप, जुन्या प्रश्नपत्रिका आणि मी. पावसाळी हवेत मला गंज चढला. मुलीने दिलेला शब्द मोडला तो तिच्या बोटांमुळे नाही. तिच्यापुढे ठेवलेल्या माशीमुळे मोडला. आणि सारे घर समजत होते की मुलीतच चिकाटी कमी.

दिवाळीनंतर अमृतराव डोळे तपासायला लातूरला आले. चहा व्हायच्या आधीच त्यांनी मला मागितले. विनीताने खोके ओढले. त्यांनी माझ्या तुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी भिंतीवरचे चित्र पाहिले.

"भुजंगराव, काय करून राहिले तुम्ही लेकराला?"

भुजंगराव म्हणाले, "मामा, पाया पक्का व्हावा म्हणून—"

"पाया खाली असतो. तुम्ही कळसापासून बांधून राहिले."

विनीता उठली. तिने ते चित्र भिंतीवरून काढले, चार घड्या घातल्या आणि नवऱ्याच्या हातात दिले. म्हणाली, "हे क्लासला लावा. घरात नको." इतक्या वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. माझा तिच्यावरचा राग तिथे संपला.

अमृतरावांनी मला रॉकेलमध्ये घासले, तेल घातले. पिशवीतून घोंगडीची लोकर काढली आणि टेबलावर ठेवली. शिकवले काहीच नाही. नुसते शेजारी बसले. भार्गवी बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा उभ्यानेच तिने मोठा गळ माझ्या जबड्यात ठेवला, शाबूत बाजूला, आणि स्क्रू फिरवला. दोन बोटांनी. पहिली माशी बोजड झाली. पण डोळा मोकळा होता. तिने त्यातून दोरी ओवून पाहिली, काढली, पुन्हा ओवली. मग ती हसली.

रविवारी सगळे जळकोटच्या तलावावर गेले. मासेमारीचा ठेका असलेल्या सोसायटीला अमृतरावांनी आधीच विचारले होते. भुजंगरावही आले. विनीताने काठच्या उथळ पाण्यातला एक दगड उलटला आणि त्याखालचा किडा पांढऱ्या ताटलीत घेतला. ते चतुराचे पिल्लू; उडायला लागण्यापूर्वी चतुर असाच पाण्यात राहतो. काळपट, केसाळ, जाड. भार्गवीने आपली माशी त्याच्याशेजारी धरली. कोणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

भुजंगराव मोबाइल काढून म्हणाले, "थांब, पाण्यात टाकायच्या आधी एक फोटो. क्लासच्या पानावर टाकतो."

भार्गवी म्हणाली, "नको, पप्पा. ती दाखवायला नाही बांधली."

अमृतरावांनी रॉड मागे नेला. हात कापला. दोरी वाकडी गेली आणि माशी मागच्या बाभळीच्या शेंड्यात जाऊन अडकली. त्यांनी ओढले, दोरी तुटली. म्हातारा पाण्याकडे बघत राहिला. शेळ्या घेऊन बसलेल्या साखराबाई काठावरून म्हणाल्या, "गेली की वं बाई. बाभळीला मासं लागत न्हाईत." भुजंगराव हळूच म्हणाले, "इतक्या मेहनतीची होती."

भार्गवीने पिशवीतून मला काढले. गाडीच्या मागच्या फळीला मला आवळले, गळ लावला, लोकर घेतली. आजोबांनी फक्त वारा अडवला. तिने बांधली, गाठ मारली, दोरा तोडला. "आबा, घ्या. ही हरवली तर अजून आहे."

ती हरवली नाही. तासाभराने हातभर लांबीची चिलापी तिला लागली. रॉड आजोबांच्या हातात होता, आणि त्या कापऱ्या हातांवर नातीचे हात होते. भुजंगराव मोबाइल खिशात ठेवून जाळी घेऊन धावले, आणि गुडघाभर चिखलात रुतले.

मित्रांनो, माझा कोपरा तुटला तो तुटलाच. पोलाद पुन्हा उगवत नाही, म्हणून माझा राग जात नाही, आणि जाऊही नये. नवख्या माणसाच्या हातात पहिले काम देताना ते किती देखणे दिसेल हे पाहू नका. हरवले तर ते त्याला पुन्हा करता येईल का, एवढे पाहा. आणि माझ्यासारखा एखादा जुना शिकंजा तुमच्या घरी असेल, तर त्याला वर्षातून एकदा तेल द्या. स्क्रू दोन बोटांनी फिरवा. पक्कड लांब ठेवा.