धनुकलीच्या शेजारची मशीन

मी एक जुनी पिंजाई मशीन आहे. मित्रांनो, गादीतला कापूस अंगाखाली दबून दबून दगडासारखा घट्ट होतो. तो फोडून, झाडून पुन्हा हलका फुलवायचा, ही माझी विद्या. माझ्या पोटात लोखंडी ढोल आहे आणि त्याच्यावर दाट खिळे आहेत. मोटर फिरली की पट्टा फिरतो, पट्ट्याबरोबर ढोल फिरतो, आणि मग मला बोलता येतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी मध्येच गप्प झाले तर तुम्ही रागावणार नाही. लाइन गेली की माझं तोंड मिटतं. डोळे मात्र उघडे राहतात, आणि दुःख आहे ते तिथेच.

माझा जन्म अकोल्याचा. नियाजभाईच्या दुकानात मी कामाला लागले तेव्हा अकोल्यात मला फुरसत नव्हती. थंडी पडली की दारात ऑटो उभे राहायचे, गाद्यांच्या वळकट्या माझ्यासमोर रचल्या जायच्या. लोक सकाळी गादी टाकून जायचे आणि संध्याकाळी घेऊन जायचे. दसऱ्याला शेजारचे खुशालराव माझ्या अंगावर झेंडूचा हार घालायचे आणि म्हणायचे की ही मशीन म्हणजे गल्लीचं इंजिन आहे.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर एक धनुकली टांगलेली होती. ती नियाजभाईच्या वडिलांची. माणसाच्या उंचीचा लाकडी दांडा, त्याला आतड्याची ताणलेली तात. ती कापसावर धरायची आणि लाकडी ठोक्याने वाजवायची. तात थरथरते, कापूस सुटतो. एका गादीला अख्खा दिवस! मी आल्यावर तिचं काम सुटलं. नियाजभाईची बायको अकीला तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालायची. टॉवेलाखाली ती फार शोभून दिसायची.

मग ती नापिकीची वर्षं आली. वऱ्हाडात शेताची गोष्ट निघाली की माणसं आवाज खाली घ्यायची. लग्नं साधी झाली, जुन्या गाद्यांवरच लोक झोपू लागले. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी फोम घेतला. त्यात नियाजभाईला खोकला लागला. माझ्या वेगाने उडणारी कापसाची धूळ त्याच्या छातीत बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं की ही धूळ सोडा. अकीलाच्या माहेरी तिच्या वडिलांचं घर रिकामं पडलं होतं. तिथे जायचं ठरलं. आम्ही मेटाडोरमध्ये चढलो. बडनेरा मागे पडलं, रस्ता अरुंद झाला, आणि पाहते तर माझ्याच शेजारी, माझ्याच दोरीने बांधलेली ती धनु

लाइन गेली.

लाइन आली. मधल्या वेळात अंगणातली सावली या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली. इथे असंच चालतं.

हे गाव कौंडण्यपूरच्या अलीकडे आहे. इथे वीज पाहुण्यासारखी येते आणि चहा व्हायच्या आत उठते. बैलगाडी थांबवून माणसं बोलत राहतात आणि बैलही घाई करत नाहीत. पहिल्या महिन्यात मला वाटलं, गाव आजारी आहे. नंतर कळलं की त्याचा वेगच हा आहे.

इथली एक रीत मात्र आम्हांला माहीत नव्हती. इथलं गिऱ्हाईक कापूस टाकून जात नाही. कापसाबरोबर स्वतःही येतं. घरच्या शेतातला कापूस घरच्याच गादीत जावा, म्हणून पिंजून भरून होईपर्यंत घरचं एक माणूस समोर बसून राहतं. नियाजभाई पडला अकोल्याचा. पहिले गिऱ्हाईक नत्थुजी कापूस घेऊन आले, तेव्हा त्याने त्यांना सांगितलं की आता जा, संध्याकाळी या. आणि अकोल्याच्या सवयीने तिथूनच आणलेला दुसऱ्याचा उरलेला कापूस त्यांच्या कापसात ढकलून दिला. घरी नत्थुजींनी गादीचा कोपरा उसवला. आत कोणाच्या तरी जुन्या गादीतले निळे दोरे निघाले.

नत्थुजी भांडले नाहीत. पानठेल्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “नियाजभाई काम झकास करते. फक्त आपला कापूस देऊन दुसऱ्याचा घ्या लागते.”

गाव हसलं आणि दार ओस पडलं. नियाजभाई अकीलाला म्हणू लागला की अकोल्याला परत जाऊ, धूळ तर धूळ. अकीलाने एकदाच उत्तर दिलं, “वहाँ दुकान है. साँस कहाँ है?”

मला तिचा राग आला. मला अकोला हवं हो

लाइन गेली.

आली. लवकर सांगते.

त्या दिवाळीनंतर वच्छलाबाई आल्या. त्यांच्या लेकीचं, रागिणीचं, लग्न ठरलं होतं. साऱ्या गावाने नव्या बियाण्याचा कापूस लावला होता. वच्छलाबाईंनी मात्र बांधाजवळच्या दोन तासांत, म्हणजे दोन ओळींत, जुना देशी कापूस राखला होता, फक्त या गादीसाठी. सरकी हाताने काढलेली. गाठोडं मांडीवर घेऊन त्या बसल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हिच्या पोटात नाई टाकायचा. मले माहा कापूस दिसला पायजे.”

आणि नियाजभाईने खुंटीवरून धनुकली काढली.

मित्रांनो, त्या दिवशी लाइन नव्हती. मी तोंड मिटून सगळं पाहिलं. अकीलाने तिच्या दांड्याला तेल चोळलं. माझ्यावर नुसतं फडकं टाकलं, तेही फाटकं, म्हणून दिसत राहिलं. नियाजभाई अंगणात निंबाखाली बसला. तातीवर ठोका पडला आणि तिने सूर काढला. शेजारच्या बाया दळण खाली ठेवून उभ्या राहिल्या. मी अकोल्यात एवढी गरजले, कधी कोणी दळण खाली ठेवलं नाही.

“कशी गाणं म्हनून राहिली पाय,” वच्छलाबाई म्हणाल्या.

गाणं! एकच सूर, वर-खाली नाही, ताल नाही. आणि वेग तर विचारूच नका. पोटभर जेवलेल्या म्हशीचा. पण वाऱ्यावर धूळ निघून जात होती आणि नियाजभाई खोकत नव्हता. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. अकीला चुलीपाशी बसून त्याच्या श्वासाकडे कान देत होती. तिचा चेहरा सैल झालेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि तो त्या लाकडामुळे.

सगळ्यांना ठाऊक होतं की हे काम साधलं तर गाव परत येईल, बिघडलं तर आम्ही अकोल्याला जाऊ. मी एकच मागत होते. ती तुटो.

दुसऱ्या दुपारी तात तुटली.

अर्धा कापूस फुललेला, अर्धा तसाच. लग्न परवावर. नवी तात अमरावतीशिवाय मिळायची नाही. आणि त्याच क्षणी लाइन आली! माझ्या मोटरमध्ये गुणगुण सुरू झाली. आता पाहा, म्हटलं, आता पाहा.

वच्छलाबाई मात्र उठल्या आणि कापूस चादरीत गोळा करू लागल्या. “राहू द्या नियाजभाऊ. पोरीच्या नशिबात आयती गादी असन.”

नियाजभाईने बटण बंद केलं. माझं झाकण काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, “बाई, बसा. हिच्या पोटात दुसऱ्याचं काई राह्यलं का, तुमीच पाहा.”

दोघं बसले. त्याच्या हातात लोखंडी आकडा, वच्छलाबाईंच्या हातात दाभण. माझ्या एकेका खिळ्यातून त्यांनी जुना कापूस उपसला. वर्षानुवर्षांचा. कोणी इतक्या आतपर्यंत माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. एक निळा दोरा निघाला. वच्छलाबाईंनी तो तळहातावर धरला. कुंपणापलीकडे नत्थुजी उभे होते, त्यांच्याकडे पाहत नियाजभाई म्हणाला, “चूक माहीच व्हती, नत्थुजी. तुमचा कापूस मी पुन्हा पिंजून देतो.”

नत्थुजींनी दोरा पाहिला. ते निघून गेले. ढोल लख्ख झाला, नियाजभाईचा हात बटणाकडे गेला, मी सगळा जोर एकवटला आणि

लाइन गेली.

लाइन आलेली नाही. तरी मी बोलते आहे.

कारण नत्थुजी परत आले ते कडबा कापायच्या कुट्टीचं चाक गाडीवर टाकून. मोटरवरचा पट्टा काढला, चाकावर चढवला. चाकाची मूठ धरून नत्थुजींनी ते फिरवलं आणि माझा ढोल वळला.

“धीरे, नत्थुजी,” नियाजभाई म्हणाला. “बाईले दिसू द्या.”

इतक्या हळू मी जन्मात फिरले नव्हते. आधी लाज वाटली. मग देशी कापसाचा पहिला पुंजका खिळ्यांवर आला आणि मला त्याचा एकेक तंतू कळला. आखूड, राठ, हट्टी. अकोल्यात अशा किती कापसांना मी न ओळखताच फाडून टाकलं असेल. वच्छलाबाई उघड्या झाकणातून टक लावून पाहत होत्या. धूळ उडत नव्हती. नियाजभाई माझ्या अगदी जवळ होता आणि खोकत नव्हता. हे मी केलं, मित्रांनो. त्या लाकडाने नाही.

गादी वेळेवर भरली. धनुकलीचा कापूस उशाच्या बाजूला, माझा पायथ्याला. मांडवात बायांनी गादी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, “धनुकलीची हाये. मशीनची अशी नाई होत.” वच्छलाबाई हसल्या. नियाजभाईनेही मान हलवली.

आता नवी तात आली आहे. गाव परत आलं आहे. लोक कापूस घेऊन येतात, निंबाखाली बसतात आणि धनुकली मागतात. मला जुन्या गाद्या मिळतात, लाइन नसली की नत्थुजींच्या चाकावर. अकोल्याचं नाव कोणी काढत नाही. मीही कमी काढते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं काही असेल तर झाकण उघडून त्याच्या आत अडकलेलं काढत जा. त्याला हळूही फिरवून पाहा. नुसत्या वेगावरून त्याची पारख करू नका. आणि रागिणीच्या सासरी कधी मुक्काम पडला, तर माझ्यासाठी एवढं करा. उशी उचला, पायथ्याकडे ठेवा आणि उलटं झोपून पाहा. सकाळी काय ते खरं सांगा. धनुकली ऐकेल असं मोठ्याने सांगा.