शेवटचा जंत

विजयश्रीच्या तीन वर्षांच्या कामातून आता एकच जंत उरला होता. दोऱ्याच्या तुकड्याएवढा, अल्कोहोलच्या बाटलीत. मी तिची पीएचडीची गाइड. पिंपरीतल्या कॉलेजात सव्वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवते आणि माझा, म्हणजे शैला मॅडमचा राग शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

हे जंत तिला तिच्याच गावच्या, निघोज्याच्या बेडकांच्या फुप्फुसांत सापडले. नेहमीच्या जातीला तोंडाभोवती चार ओठ असतात, याला सहा. शेपूटही आखूड. नवी जात आहे, असं मीच छातीठोकपणे म्हटलं होतं. मग डीएनएचा रिपोर्ट आला आणि त्यात निघाली नेहमीचीच जात.

मी तिच्यावर तुटून पडले. बाटल्यांची अदलाबदल केलीस, साधं लेबलही नीट लावता येत नाही, तोंडाला येईल ते बोलले. समितीलाही तसंच कळवलं. सोमवारी समिती तिचं पीएचडीचं रजिस्ट्रेशन रद्द करणार होती. ती गप्पच राहिली, त्याचा मला जास्त राग आला.

बुधवारी सकाळी तिनं ती शेवटची बाटली टेबलावर ठेवली.

"हा कापते, मॅडम. मधला तुकडा डीएनएला, डोकं आन् शेपूट स्लाइडवर."

"आणि हाही वाया गेला तर?"

"तर काय उरतच न्हाई. पावसाळ्याबिगर बेडूक बी गावायचे न्हाईत."

तिनं चिमटा ज्योतीवर धरला. मग पाकीट फाडून नवं पातं काढलं.

"जुन्याला काय झालंय?" मी खेकसले.

"आधीच्या जंताचं चिकटलेलं असतं त्याला. डोळ्याला दिसत न्हाई, पन तपासणीत तेच येतं."

मागच्या वेळी कापायला मी बसले होते. आधी नेहमीचा जंत कापला, पातं ॲप्रनला पुसलं आणि त्याच पात्यानं हिचा कापला. सव्वीस वर्षं मी असंच कापत आले. ओठ मोजायला आणि शेपूट बघायला तेवढं पुरायचं.

"त्या दिवशी तू इथंच होतीस ना?"

"व्हय."

"मी पातं बदललं नाही, ते पाहिलंस?"

पातं जंताला टेकलं होतं. तिचा हात हलला नाही. "पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमाला कोन बोलनार, मॅडम?"

आणि तिनं कापलं.

मला भयंकर लाज वाटली. तिच्यासमोरच मी समितीचे अध्यक्ष हरिहर सर यांना फोन लावला आणि चूक माझी होती, असं सांगितलं. ते म्हणाले, नुसत्या शब्दावर काही होणार नाही, सोमवारी अकरापर्यंत नवा रिपोर्ट द्या. पुढचे चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तुकडा इतका लहान होता की त्यातून काही निघेल याची खात्री कोणीच देईना.

सोमवारी साडेदहाला रिपोर्ट आला. आजवर नोंदलेल्या कुठल्याच जातीशी तो जंत जुळत नव्हता. मी तो तिला वाचून दाखवला. विजयश्री खुर्चीत बसली आणि ओढणीत तोंड लपवून बराच वेळ रडली.

समितीनं रजिस्ट्रेशन कायम ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती एक फॉर्म घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. गाइड बदलण्याचा होता.

"राग न्हाई, मॅडम," ती खाली बघत म्हणाली. "पन चुकलं तर ज्याला सांगता येईल, असं कुनीतरी पायजे."

मी ड्रॉवरमधून पेन काढलं आणि सही केली.