पांढरा उजेड

हॉलिसला रायफलवर बसवायचा टॉर्च घ्यायचा होता. कशासाठी, ते मात्र तो बायकोला, नेल्डाला, धड सांगत नव्हता.

"डुकरं," एवढंच म्हणाला.

टेक्ससच्या आमच्या भागात रानडुकरांचं कुणाला नवल नाही. भुईमुगाच्या शेतात शिरली की नांगर फिरवल्यासारखी जमीन उकरून ठेवतात. पण त्या वर्षीच्या शेंगा काढून झाल्या होत्या, रान मोकळं पडलं होतं. शिवाय डुकरांचा विषय निघाला की हॉलिसच्या तोंडून आधी शिवी यायची. या वेळी ती आली नाही, आणि नेल्डाच्या मनात पाल चुकचुकली. तो पिकअप सुरू करतोय तोवर ती शेजारी येऊन बसली.

"तुझं काय काम गावात?"

"दोरा आणायचाय."

"दोरा परवाच आणलास."

"तो काळा होता."

हॉलिसने तिच्याकडे तिरप्या नजरेनं पाहिलं आणि गाडी काढली.

बंदुकांचं दुकान बर्लचं. बर्ल हा ढेरपोट्या, गप्पिष्ट माणूस; हॉलिसच्याच शाळेतला. त्याने काचेच्या कपाटातून तीन टॉर्च काढून काउंटरवर मांडले.

"डुकरांसाठी म्हणतोस ना? मग हा हिरवा घे, नाहीतर हा लाल. डुकरांना हे रंग फारसे जाणवत नाहीत. खात असतात, तुला बघतही नाहीत. पांढरा मारलास की शेपूट वर करून पळालीच म्हणून समज."

"पांढराच दे," हॉलिस म्हणाला. "सगळ्यात प्रखर असेल तो."

बर्लचा हात हिरव्या टॉर्चवरच थांबला. "अरे, आत्ताच सांगितलं ना..."

"ऐकलं मी. समोरच्याचे डोळे दिपले पाहिजेत."

नेल्डाने मान वर केली. बर्लनेही तिच्याकडे एकदा पाहिलं.

"डुकराचे डोळे दिपवून काय करणार तू, फोटो काढणार?" बर्ल हसत म्हणाला, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"तू विकायला बसलायस की पोलीस झालायस?"

बर्लने पांढरा टॉर्च पुढे सरकवला. हॉलिसने खिशातून एक जाडसर बॅटरी काढून त्यात सरकवायला घेतली. "ही मी मागवलीय. चार्ज करता येते. तुझ्याकडच्यापेक्षा तिप्पट चालते, वर छापलंय बघ."

बर्लने ती हातावर झेलून पाहिली. मग बंदुकीची दारू मोजायच्या छोट्या काट्यावर ठेवली आणि शेजारी दुकानातली तशीच एक ठेवली. दुकानातली खूपच जड भरली.

"तुला फसवलंय, हॉलिस. एवढ्याशा नळीत एवढा करंट मावतच नाही. आत बोटाएवढा सेल असेल आणि बाकी पोकळ. ऐन वेळेला विझेल."

हॉलिसला ते पटलं नाही. बर्ल आपला माल खपवायला बोलतोय असं त्याला वाटलं. त्याने बर्लची बॅटरी उलटीसुलटी केली, उजेडात धरली, तीही बनावट कशावरून नाही, असं विचारलं. बर्ल वैतागला. शेवटी हॉलिसने चार्जिंगचा नादच सोडला आणि एकदाच वापरायच्या लिथियमच्या दोन छोट्या बॅटऱ्या घेतल्या. त्या वर्षानुवर्षं पडून राहिल्या तरी उतरत नाहीत, थंडीतही दगा देत नाहीत. नवी आणि जुनी मात्र एकत्र घालू नकोस, तापतात, असं बर्लने बजावलं.

"मलाही एक द्या," नेल्डा म्हणाली. "हातात धरायचा. साधा."

"तुला कशाला?" हॉलिस.

"कोंबड्या बघायला."

बर्लने तिच्यासाठी हातातला टॉर्च काढला. टॉर्च बसवून बघायला हॉलिस गाडीतून रायफल आणायला गेला, तसा बर्ल हळूच म्हणाला, "नेल्डाबाई, बरं केलंत. रायफलवरच्या टॉर्चचं एक वाईट असतं. ज्याला बघायचं, त्याच्यावर नळी रोखावीच लागते. आधी हातातल्यानं बघावं, काय आहे ते कळावं, मग पुढचं. आणि... घरी सगळं ठीक आहे ना?"

"ते मलाच कळायचंय," ती म्हणाली.

परतताना तिने विषय काढला. "डुकरं दार उघडून येतात का रे आपल्याकडे? का कुणी माणूस येतोय?"

हॉलिसने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "टाकीतलं डिझेल जातंय."

शेडच्या मागे खांबांवर उभी असलेली ती टाकी हॉलिसच्या वडिलांच्या वेळची. ट्रॅक्टरचं डिझेल तिच्यात असायचं.

"मग शेरीफला कळव."

"शेरीफ येऊन कागद भरेल आणि कॉफी पिऊन जाईल."

"कुणावर संशय आहे तुझा?"

"कुणावर नाही."

हे तो फार चटकन म्हणाला. नेल्डाला ते खटकलं. एरवी हॉलिसचा संशय सगळ्या गावावर असायचा. पोस्टमन, पाद्री, कुणीही सुटत नसे. आणि आता खरोखरची चोरी होत होती, तर एकाचंही नाव त्याच्या तोंडात नव्हतं.

तेव्हापासून ती त्याच्यावर नजर ठेवून राहिली. तो रोज टॉर्च लावून बघायचा, शेडच्या भिंतीवर पांढरा गोल पाडायचा. तिचा टॉर्च तिच्या उशाशी असायचा.

एका पहाटे, उजाडायच्या जरा आधी, तिला जाग आली तर शेजारची जागा रिकामी. कोट चढवून ती मागच्या दाराने बाहेर पडली. गवतावर हिव पडलं होतं. शेडच्या कोपऱ्याशी हॉलिस रायफल घेऊन उभा होता. टाकीकडून कॅनमध्ये काहीतरी पडत असल्याचा आवाज येत होता.

हॉलिसने रायफल खांद्याला लावली. त्याचा अंगठा बटणावर जायच्या आत नेल्डाने आपला टॉर्च लावला.

टाकीपाशी डॉयल उभा होता. हॉलिसचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर जमिनीच्या वाटणीत दोघांचं बिनसलं, तेव्हापासून एकमेकांच्या दारात पाऊल नव्हतं.

तेवढ्यात हॉलिसचाही टॉर्च लागला. डॉयलच्या तोंडावर लख्ख पांढरा उजेड पडला. त्याच्या हातातली टाकीची रबरी नळी सुटली, डिझेल बुटांवर सांडलं. त्याने हात वर केले, डोळे मिचकावले.

"कोण आहे? हॉलिस? अरे, मी आहे! मला काही दिसत नाहीये!"

हॉलिसने टॉर्च विझवला नाही. रायफलही खाली केली नाही.

"हॉलिस," नेल्डा म्हणाली. "दिसला ना कोण ते? आता खाली कर."

त्याचं लक्षच नव्हतं. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. मग ती चालत गेली आणि त्या उजेडात, डॉयलच्या पुढे, नवऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिलाही काही दिसेना. पण ती हलली नाही.

"बाजूला हो," हॉलिस म्हणाला.

"नाही होत."

मग उजेड जमिनीवर उतरला. रायफलचा बोल्ट मागे ओढल्याचा आवाज आला आणि काडतूस गवतात पडलं.

डॉयल मटकन खाली बसला. "टाकी डॅडींची आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "वाटणीत तिचं नावच आलं नाही. अर्धी माझी आहे."

"मागायचं होतंस."

"तू फोन उचलतोस? तीनदा आलो होतो, फाटकातून परत पाठवलंस!"

नेल्डाने चटकन नवऱ्याकडे पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं. हॉलिस तिची नजर चुकवून शेडच्या पत्र्याकडे बघत राहिला.

तिने दोघांना स्वयंपाकघरात आणून बसवलं, कॉफी ठेवली, घरची मऊ, पावासारखी बिस्किटं गरम केली. दोघांनी एकमेकांकडे न बघता खाल्लं. निघताना डॉयलने कॅन तिथेच ठेवला. हॉलिसने तो उचलून त्याच्या गाडीत टाकला आणि म्हणाला, "दिवसा येत जा." एवढंच.

डॉयलची गाडी रस्त्याला लागली तेव्हा नेल्डाने विचारलं, "तुला ठाऊक होतं ना, तोच असेल म्हणून?"

"उजेड पडल्यावर कळलं."

"मग विझवला का नाहीस?"

तो सिंकपाशी जाऊन कप विसळत बसला. आजवर त्याने कधी कप विसळला नव्हता.

नेल्डाने टेबलावरची रायफल पुढे ओढली, दोन्ही स्क्रू सैल करून टॉर्च काढला आणि एप्रनच्या खिशात टाकला. हॉलिसने वळून पाहिलं. ती काय करतेय ते त्याला दिसलं, आणि त्याने तिला अडवलं नाही.

पुढच्या आठवड्यात डॉयल भर दुपारी आला. दोघा भावांनी टाकीखाली उभं राहून बराच वेळ वाद घातला, आवाज चढवले, पण हात खिशातच होते. नेल्डा मात्र खिडकीपाशी उभी राहून डॉयल निघून जाईपर्यंत बघत होती. डॉयलकडे नाही, हॉलिसकडे.