एक्केचाळीस आणि बेचाळीस नंबरची हरकत

केशोराव आमच्या गावच्या नगर कमेटीत कारकून होते. गोंदियाहून आमगावकडे जाणाऱ्या रेल्वेलाईनला लागूनच आमचं गाव. चोपन्न सालापर्यंत तिथं कोण कुठं काय करतो याची कुणी फिकीर केली नव्हती. मग धानाच्या दोन गिरण्या आल्या, तिसरी यायची बोलणी सुरू झाली, आणि कमेटीनं ठरवलं की आता गावाचे भाग पाडायचे. कुठं राहायचं, कुठं बाजार भरवायचा आणि कुठं कारखाने, गिरण्या, भट्ट्या चालवायच्या. भंडाऱ्याहून एक नकाशावाला आला. दोन दिवस राहिला आणि रंगीत पेन्सिलींनी गाव रंगवून गेला. राहण्याचा भाग पिवळा, बाजार लाल, कारखान्यांचा हिरवा. हिरवा सगळा रुळांच्या पलीकडं.

खाली एक ओळ होती : ज्यांची हरकत असेल त्यांनी तीस दिवसांत लेखी कळवावे.

कमेटीचे अध्यक्ष मुन्नालाल शेठ म्हणाले, "केशोराव, नोटीस चिपका दो. महिन्यानं मंजूर करून टाकू."

केशोरावांनी नोटीस लावली. आठ दिवस गेले, एकही कागद आला नाही. नोटीस कचेरीच्या दाराच्या फळीमागं लागली होती. दार उघडलं की ती झाकली जायची आणि दार बंद असलं की कचेरीच बंद असायची. केशोरावांच्या हे नवव्या दिवशी लक्षात आलं. ते शिस्तीचे माणूस. हरकती मागवल्या आहेत म्हणजे त्या यायला पाहिजेत, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यांनी टिकाराम कोतवालाला बोलावलं आणि गावभर डोंडी पिटायला लावली.

डोंडीनं झालं एवढंच, की लोक कचेरीत येऊन विचारू लागले, "बाबूजी, हरकत म्हणजे का जी?"

"तुमाले हे पटत नसन तर तसं लिहून द्या."

"अन् लिवता येत नसन तर?"

केशोरावांनी दौत पुढं ओढली. "तर मी लिहून देतो," ते म्हणाले.

त्या दिवसापासून रोज चार वाजता ते कचेरीच्या ओसरीवर शाई-टाक घेऊन बसायचे. लोक सांगायचे, ते लिहायचे, वाचून दाखवायचे, अंगठा घ्यायचे आणि कमेटीचा शिक्का मारून पोच द्यायचे. शिक्क्याची ती चिठ्ठी लोकांना फार आवडली. बकाराम कुंभारानं लिहवलं की मडकी भाजायचा आवा रुळापलीकडं नेला तर माती कोण नेणार. एकानं लिहवलं की नकाशात त्याचं घर दिसत नाही, ते दाखवावं. एका म्हाताऱ्यानं जावयाविरुद्ध हरकत घ्यायचा हट्ट धरला. केशोरावांनी त्याला पाणी पाजून परत पाठवलं.

बाविसाव्या दिवशी शामकला आली. ती केशोरावांच्या घरामागंच राहायची. अंगणात तिची मुरमुऱ्याची भट्टी होती. पहाटे ती तूस घालून भट्टी पेटवायची, कढईतल्या तापल्या वाळूत तांदूळ फुलवायची, आणि तिचा नवरा मनिराम पोती सायकलीवर बांधून कामठ्याच्या, आमगावच्या बाजारात न्यायचा. नकाशात तिचं अंगण पिवळं होतं.

"लिवा बाबूजी," ती म्हणाली. "धूर होते, मी नाई म्हणत नाई. पर रुळापल्याड भट्टी नेली तर तिथी पाणी नाई, अन् फाटक बंद झालं का गाडी जाईपर्यंत उभंच राहा लागते. माणसं येतीन का मुरमुऱ्यासाठी तिथी? नऊ वर्षं झाली भट्टीले. आता कायले हलवता?"

केशोरावांनी शब्दाला शब्द लिहिलं. एक्केचाळीस नंबर पडला.

संध्याकाळी जेवताना त्यांनी ही गोष्ट सुलोचनाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला सांगितली. त्यांनी भाकरी वाढता वाढता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझीबी एक लिहा."

"तुझी? कशाबद्दल?"

"भट्टीबद्दल. पिवळ्या भागात भट्टी नकोच असं लिहा. नऊ वर्षं धुतलेल्या लुगड्याले धुराचा वास येऊन राहिला. पापड घालतो तर त्यावर काजळी."

केशोराव घास हातात धरून बसले. "अगं, मी कमेटीचा कारकून. माझ्याच घरची हरकत?"

"कारकुनाच्या बायकोनं लिहू नये असं नोटिशीत हाय का?"

तसं नव्हतं. नोटीस त्यांना पाठ होती. त्यांनी टाक काढला आणि बेचाळीस नंबर लिहिला. सुलोचनाबाईंना सही येत होती, ती त्यांनी ठसठशीत केली. पोच मात्र त्यांनी मागून घेतली, शिक्का मारलेली.

मुदत संपली तेव्हा सत्त्याऐंशी कागद जमले होते. मुन्नालाल शेठ ते पाहून चाट पडले.

"ये क्या लगा रखा है, केशोराव? ठरावात लिहा, हरकती आल्या नाहीत."

"शेठजी, सगळ्यायले पोच दिली हाय. शिक्क्याची."

शेठजींनी कागदांकडं पाहिलं, मग केशोरावांकडं. केशोराव नजर खाली घालून उभे होते, पण कागदांवरचा हात त्यांनी काढला नाही. शेठजी म्हणाले, "ठीक है. रविवारी शाळेच्या पटांगणात सगळ्यांना बोलवा."

रविवारी शे-दीडशे माणसं जमली. केशोराव एकेक हरकत वाचत गेले. एक्केचाळीस वाचली, शामकला उभी राहून मान हलवत ऐकत होती. मग बेचाळीस. केशोरावांनी बायकोचं नाव वाचलं.

शामकला वळली. सुलोचनाबाई तिच्यामागंच दोन हातांवर बसल्या होत्या.

"बाई, तुमी लिवली?"

"हो."

"नऊ वर्षांत एक शब्द नाई बोलल्या."

"कशी बोलू? रोज सकाळी तू कुंपणावरून ओंजळभर गरम मुरमुरे देतं. ते खाऊन तुले धुराचं सांगू?"

कुणीतरी हसलं. शामकला हसली नाही. तिचं तोंड उतरलं होतं. ती तशीच खाली बसली, सुलोचनाबाईंच्या शेजारी, पण त्यांच्याकडं न बघता. पुढच्या चार हरकती वाचून झाल्या. मग सुलोचनाबाई हळूच म्हणाल्या, "रुळापल्याड जा असं मी नाई म्हटलं. माझ्या वाळवणावर धूर नको, एवढंच."

"मंग कुठी जाऊ?"

"बोडीच्या पाळीवर काऊन नाई? तिथी पाणी हाय. पलीकडं धानाची शेतं, बांध्याच बांध्या. धूर त्यायच्यावर जाईन."

बोडी म्हणजे गावाच्या कडेचं लहान तळं, पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध. शामकलानं थोडा विचार केला. "रस्त्याले लागून हाय," ती स्वतःशीच म्हणाली. मग ती उठली आणि मोठ्यानं तेच सांगितलं. बकाराम कुंभारही उठला, आवाही तिथंच जमेल म्हणाला.

"बोडीकाठ पिवळा हाय," शेठजी म्हणाले. "राहण्याचा भाग."

"तिथी राहते कोण, शेठजी?" बकाराम म्हणाला. "पावसाळ्यात गुडघाभर पाणी असते."

शेठजींना ते खरं वाटेना. मग सगळे तिथंच चालत गेले. फर्लांगभरच अंतर होतं. एकही घर नसलेली ती पाळीची पट्टी शेठजींनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. मध्ये त्यांचा जोडा चिखलात रुतला आणि मनिरामनं तो काढून दिला. शेठजींनी जोडा झटकून पायात घातला. मग म्हणाले, "पाळीच्या वरची बाजू भट्ट्यांना देता येईल. खाली नाही. खाली वाहून जाईल सगळं."

सोमवारी केशोरावांनी हिरवी पेन्सिल विकत आणली आणि कमेटीच्या हुकमानं बोडीकाठावर एक पट्टी रंगवली. पिवळ्यावर हिरवा नीट बसेना, पट्टी शेवाळासारखी दिसायची. बाकीच्या हरकतींपैकी अकरा मंजूर झाल्या. उरलेल्यांवर ‘नोंद घेतली’ असा शेरा पडला. ज्याचं घर नकाशात नव्हतं त्याचं घर आलं. तो महिनाभर लोकांना कचेरीत नेऊन ते दाखवत होता.

शेठजी पुढं पुष्कळ दिवस केशोरावांशी कामापुरतंच बोलायचे. केशोरावांना त्याचं वाईट वाटायचं, पण चार वाजता ते अजून ओसरीवर बसत. लोकांना सवय झाली होती.

शामकलाला नवी भट्टी घालायला होळी उजाडली. पहिले काही दिवस गिऱ्हाईक कमी आलं, मग शाळेकडून येणाऱ्यांची वाट तिथूनच पडली. मधल्या काळात ती सुलोचनाबाईंशी बोलत नव्हती. कुंपणावरून मुरमुरे येणं तर बंदच झालं होतं. सुलोचनाबाईंचं वाळवण स्वच्छ होतं, पण सकाळ त्यांना लांबलचक वाटायची.

एका सकाळी त्या स्वतःच डबा घेऊन बोडीवर गेल्या. शामकला कढई ढवळत होती.

"पैसे घेशीन ना?" सुलोचनाबाई म्हणाल्या.

"घेईन ना. काऊन नाई घेणार?" शामकला म्हणाली, आणि पदरानं घाम पुसून शेजारचा दगड त्यांच्याकडं सरकवला. "बसा. हा घाणा निघू द्या, गरम देतो."

सुलोचनाबाई बसल्या. धूर बांध्यांकडं जात होता. घरी यायला त्यांना त्या दिवशी दहा वाजले आणि केशोराव कालच्या भाकरीवर कचेरीत गेले.