अर्धं बॉनेट

धाकट्याने आणलेली वॅक्सची डबी मखमलीच्या पिशवीत होती. पिशवीत खोका, खोक्यात चकचकीत कागद, कागदात डबी आणि डबीत जेमतेम मूठभर पिवळसर वॅक्स. थोरल्याने झाकण काढून वास घेतला. वास छान होता, खोटं कशाला बोला. मग त्याने किंमत विचारली आणि ऐकल्यावर डबी अलगद धाकट्याच्या हातात परत ठेवली, न जाणो हातून पडली तर.

"एवढ्या पैशांत माझं वर्षभराचं वॅक्स येतं. हे गाडीला लावायचंय की गाडीला खाऊ घालायचंय?"

"दादा, तू वीस वर्षं तोच डबा घासतोयस. लोक आता गाडी धुवायला येत नाहीत, गाडीचे लाड करायला येतात."

बोलणं वॅक्सवरून निघालं, पण भांडण दुकानाचं होतं. गाड्या धुवायचं आणि पॉलिश करायचं ते दुकान आबांनी उभं केलं होतं. आता आबा दाराशी खुर्ची टाकून बसत, चाव्या मात्र त्यांच्याच खिशात असत. थोरला मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथे राबत होता. धाकट्याने आधी मोबाइल विकून पाहिले, मग जिम काढली, मग कपड्यांचं दुकान, आणि सगळ्यांना टाळं लावून तो इथे आला, तो येताना डोक्यात बेत घेऊनच. समोर काच बसवायची, आत एसी लावायचा, महागडं वॅक्स, महागड्या गाड्या. टॅक्सीवाल्यांना लांबूनच नमस्कार. आणि सगळा कारभार अर्थातच धाकट्याकडे, कारण वॅक्स कंपनीच्या लोकांशी इंग्रजीत तोच बोलणार. थोरल्याने फक्त घासायचं. इतकी वर्षं घासत होता, तसंच.

आबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि बाहेर उभ्या असलेल्या आपल्या जुन्या काळ्या गाडीकडे बोट केलं.

"बॉनेटच्या मधोमध टेप लावा. डावं अर्धं थोरल्याचं, उजवं धाकट्याचं. एकदाच लावायचं. गाडी उन्हाधुळीत उभी राहील, इतर गाड्यांसारखी धुतली जाईल. दीड महिन्याने पाणी टाकून बघू. ज्याचं वॅक्स टिकेल त्याच्या मनासारखं दुकान चालेल. आणि दोन्ही डबे माझ्यापाशी राहतील, म्हणजे मागाहून कटकट नको."

वॅक्स जिवंत असलं की पाण्याचे गोल मणी होतात आणि घरंगळून जातात. वॅक्स मेलं की पाणी नुसतं पसरून बसतं. एवढी सोपी परीक्षा, त्यात वशिला चालायचा नाही. थोरल्याला हे एकदम पटलं.

धाकट्याने आपलं वॅक्स भर दुपारी लावलं. तापलेल्या बॉनेटवर, तेही पोळीला लोणी फासावं तसं जाडजूड. थोरल्याने ते पाहिलं. गरम पत्र्यावर वॅक्स धरत नाही, ते पातळच लावायचं असतं, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं. आपण होऊन शिकायला आला असता तर सांगितलं असतं, असं मनाशी म्हणत तो सावली येईपर्यंत थांबला आणि मग नव्या डब्यातून स्पंजने बोटभर घेऊन आपलं अर्धं हलक्या हाताने करून मोकळा झाला.

व्हायचं तेच झालं. पंधरवड्यात उजव्या अर्ध्यावर पाणी पसरायला लागलं. डावीकडे मणी टपोरे. रोजचा टॅक्सीवाला गाडी धुवायला आला की आधी त्या बॉनेटपाशी जाऊन उभा राहायचा.

"काय हो मालक," तो धाकट्याला ऐकू जाईल असं म्हणायचा, "मखमल उतरली वाटतं!"

थोरला हसायचा नाही, पण घरी जाताना त्याचे पाय जमिनीवर ठरत नसत. त्याने मनातल्या मनात मागची भिंत रंगवली, गळका पाइप बदलला, टॅक्सीवाल्यांसाठी बाक टाकलं. बायकोलाही सांगून टाकलं, की आता आबा चाव्या माझ्याकडे देतील. ती एवढंच म्हणाली, "मिळाल्या की सांगा." लग्न होऊन आल्यापासून ती हे ऐकत होती, तिचं तरी काय चुकलं.

मग एका सकाळी थोरला दुकानात आला, गाडीवर पाइपने पाणी मारलं आणि हात तसाच राहिला. उजव्या अर्ध्यावर मणी उठले होते.

धाकटा तर नाचायचाच बाकी होता. "महागाचं वॅक्स मुरायला वेळ लागतो, दादा! कंपनीवाले सांगतच होते."

मेलेलं वॅक्स उठून बसलेलं थोरल्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याने उजवीकडे बोट फिरवून पाहिलं, वाकून उजेडात पाहिलं, काही कळेना. पुढच्या आठवड्यातही तेच. त्याची झोप उडाली. आपण आयुष्यभर स्वस्तातलं लावत राहिलो, चांगलं म्हणजे काय हे आपल्याला माहीतच नसेल तर? दीड महिना संपत आला तसं त्याने मन घट्ट केलं. हरलो तर हरलो. धाकट्याच्या हाताखाली काम करू, निदान वॅक्स चांगलं आहे म्हणून करू. असं ठरवल्यावर त्याला थोडं हलकंही वाटलं, आणि धाकट्याबद्दल, फार वर्षांनी, बरं वाटलं.

निकालाच्या सकाळी टॅक्सीवाला आला तेव्हा दुकानातलं वॅक्स संपलेलं होतं. पैजेचा डबा आता कशाला राखायचा, म्हणून थोरल्याने आबांच्या खुर्चीमागच्या फळीवरून आपला डबा काढला. एकदाच वापरलेला डबा. हाताला हलका लागला. त्याने झाकण उघडलं.

स्पंजने घेतलं की वॅक्स वरून सपाट राहतं. या वॅक्समध्ये चर खणलेले होते, बोटांनी. दोन लांब चर आणि त्यांच्यामध्ये एक तोकडा.

आबा कधी स्पंज वापरत नसत. बोटाच्या उबेने वॅक्स मऊ होतं, असं ते म्हणत. आणि त्यांच्या मधल्या बोटाचं पेर फार पूर्वी पॉलिशच्या मशीनच्या पट्ट्यात गेलं होतं. सकाळी शटर उघडायला सगळ्यांच्या आधी तेच येत.

थोरल्याने शेजारची धाकट्याची डबी उघडून पाहिली. धाकट्याने एकदा घेतलं होतं तेवढंच कमी झालेलं. म्हणजे लबाडी करायची वेळ आली तेव्हाही आबांनी भरवसा थोरल्याच्या वॅक्सवर ठेवला होता. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि त्याच वेळी रडूही फुटायला आलं. रडायचं वय राहिलं नव्हतं, म्हणून त्याने आधी टॅक्सी पुरी केली.

दुपारी आबांनी स्वतः बादलीभर पाणी ओतलं. डावीकडचे मणी दीड महिन्याचे, थोडे सैल. उजवीकडचे कालपरवाचे, घट्ट, ताजे.

"उजवं," आबा म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. त्यांनी थोरल्याकडे पाहिलं नाही.

धाकट्याने थोरल्याला मिठी मारली. मनापासून मारली. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. "दादा, आपण दोघं मिळून करू," असं म्हणत तो कंपनीला फोन लावायला बाहेर पळाला.

थोरल्याने डबा आबांच्या पुढ्यात धरला आणि झाकण काढलं. आबांनी त्या चरांकडे पाहिलं.

"तुझं काय रे," ते म्हणाले. "तुझ्या हातात काम आहे. तू कुठेही गेलास तरी पोट भरशील. त्याचं हे शेवटचं आहे. हेही गेलं तर तो उभा राहायचा नाही."

"म्हणजे मला येतं, म्हणून मी हरायचं?"

"तू समजूतदार आहेस."

लहानपणापासून हा एकच शब्द त्याला मिळाला होता. धाकट्याला सायकल मिळाली तेव्हा हा, धाकट्याला कॉलेज मिळालं तेव्हा हाच. त्याला आबांचा इतका राग कधीच आला नव्हता. काय करायचं होतं ते सरळ करायचं होतं. दुकान त्यांचं होतं, द्यायचं होतं त्याला, कोण हात धरत होतं? पण त्यांना थोरल्याच्या तोंडूनच ऐकायचं होतं, की तुमचा निकाल बरोबर आहे.

धाकटा फोन खिशात टाकत आत आला. चेहरा फुललेला. "दादा, आता राग सोड आणि खरं सांग. महागाचं वॅक्स पैसे वसूल आहे ना?"

आबांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. थोरल्याने ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, आणि ती धाकट्यासाठी होती.

"ते आबांना विचार," तो म्हणाला. "तुझ्या अर्ध्यावर माझं वॅक्स सकाळी लवकर येऊन तेच लावत होते."

धाकटा हसला. थट्टा वाटली त्याला. मग त्याने डब्यातले चर पाहिले, आबांचा हात पाहिला, आणि हसू तसंच तोंडावर राहून गेलं.

थोरल्याने डबा आबांच्या मांडीवर ठेवला. खुंटीवरचा शर्ट घेतला, बाहेर पडला, आणि काळ्या गाडीपाशी येऊन थांबला.

"तुझं वॅक्स वाईट नाही," तो मागोमाग आलेल्या धाकट्याला म्हणाला. "तू उन्हात लावलंस. बॉनेट गार होऊ द्यायचं आणि पातळ लावायचं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

धाकटा बॉनेटकडे बघत उभा होता, आणि आबा बोटं पँटला पुसत होते, पुन्हा पुन्हा, जणू वॅक्स अजून लागलेलंच होतं.